कोयता पुण्यात, कायदा दिल्लीत

पुण्यात एखादा मोठा खून झाला की दोन मागण्या लगेच पुढे येतात. पोलिस आयुक्तांची बदली करा, ही पहिली; तपास सीबीआयकडे द्या, ही दुसरी. पहिली मागणी मुंबईला राज्याच्या गृहखात्याकडे जाते, दुसरी दिल्लीला. दोन्हींमागचा संताप खरा असतो. पण शहरातल्या खुनाखुनीला आवर घालण्यात दिल्लीने नेमके काय करायचे असते, त्यातले किती होते आणि किती राहून जाते, याचा हिशेब त्या संतापात कोणी मांडत नाही. या लेखात तो मांडायचा आहे.

अलीकडे पुण्याने काय पाहिले ते आधी आठवू. ५ जानेवारी २०२४ रोजी कोथरूडच्या सुतारदऱ्यात गुंड शरद मोहोळ याच्यावर भरदुपारी त्याच्याच साथीदारांनी गोळ्या झाडल्या. १ सप्टेंबर २०२४ च्या रात्री नाना पेठेत माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांच्यावर गोळीबार झाला, कोयत्याचे वार झाले. वर्षभराने, ५ सप्टेंबर २०२५ रोजी, अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी, त्या खुनातल्या एका आरोपीच्या कोवळ्या वयाच्या मुलाला त्याच नाना पेठेत गोळ्या घालून मारण्यात आले. या मोठ्या बातम्यांच्या आगेमागे रोजच्या बातम्या आहेतच: कोयते नाचवत गल्लीतल्या गाड्या फोडणारी पोरे, ‘आम्ही इथले भाई’ म्हणत दुकानदाराकडे मागितलेला हप्ता, पूर्ववैमनस्यातून झालेला हल्ला.

हे सगळे पुणे पोलिसांच्या हद्दीत घडते, तपासही तेच करतात. मग दिल्लीचा संबंध कुठे येतो? तो फार ठिकाणी येतो. फक्त आपण बघतो तिथे येत नाही. गुन्हेगाराच्या हातातले पिस्तूल, त्याच्या खिशातला पासपोर्ट, त्याला लागणारे कलम, त्याच्या गोळीची तपासणी करणारी प्रयोगशाळा आणि त्याच्या गुन्ह्याची देशपातळीवरची नोंद या पाचही गोष्टींशी केंद्राचा थेट संबंध आहे. केंद्राने शहराच्या वेशीबाहेरचे हे काम चोख करावे आणि शहराच्या आतले काम राज्याला व शहराला करू द्यावे, त्यासाठी बळ द्यावे, असे माझे ठाम मत आहे. आज बहुतेक वेळा याच्या उलटे होते. आतल्या एखाद्या गाजलेल्या प्रकरणात दिल्ली उतरते आणि वेशीबाहेरचे कंटाळवाणे पण मोलाचे काम मागे पडते.

घटनेने केलेली वाटणी

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलिस हे राज्य सूचीतले पहिले दोन विषय. म्हणजे पुण्यात किती पोलिस ठाणी असावीत, हवालदार किती असावेत, आयुक्त कोण असावा, हे महाराष्ट्र सरकार ठरवते. १९६५ मध्ये पुण्याला पोलिस आयुक्तालय मिळाले, १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचे वेगळे आयुक्तालय सुरू झाले, २०२४ मध्ये वाघोली, खराडी, बाणेर, आंबेगाव, नांदेड सिटी, फुरसुंगी, काळेपडळ अशी सात नवी पोलिस ठाणी झाली. हे सगळे निर्णय राज्याचे.

फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहेत. दोघांनाही कायदा करता येतो, पण झगडा झाला तर सर्वसाधारणपणे केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. शस्त्रे आणि स्फोटके मात्र पूर्णपणे केंद्राच्या सूचीत आहेत, पासपोर्टही तसाच. शहराचा पोलिस आयुक्त भारतीय पोलिस सेवेतला असतो. त्याची निवड केंद्र करते, नेमणूक राज्य करते. त्यामुळे ‘कायदा-सुव्यवस्था राज्याची’ एवढे बोलून दिल्लीला हात झटकता येत नाहीत आणि ‘आमच्या हातात काहीच नाही’ असे मुंबईलाही म्हणता येत नाही.

टाडापासून न्याय संहितेपर्यंत

हिंसक गुन्ह्यांसाठीच्या खास कायद्यांचा इतिहास पाहिला तर पुणे त्यात पहिल्यापासून आहे. १० ऑगस्ट १९८६ रोजी निवृत्त लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची पुण्यात भररस्त्यात हत्या झाली. ऑपरेशन ब्लू स्टारचा सूड म्हणून खलिस्तानी अतिरेक्यांनी ती केली होती. टाडा हा केंद्राचा कायदा तेव्हा वर्षभरापूर्वीच आला होता. पंजाबसाठी आणलेला हा कायदा पुढे देशभर इतका सैल हाताने वापरला गेला की १९९५ मध्ये त्याची मुदत वाढवण्यात आली नाही.

टाडा गेला, पण मुंबईतल्या टोळ्या होत्या तिथेच होत्या. १९९९ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला: महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, आपला मोक्का. त्याची रचना अशी: टोळीने सातत्याने केलेले गुन्हे हवेत, मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे हवीत, उपमहानिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी. त्या बदल्यात पोलिसांना आरोपपत्रासाठी १८० दिवस मिळतात, जामीन अवघड होतो, पोलिस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात येतो. दिल्लीला हा कायदा इतका पटला की २००२ मध्ये तो राजधानीलाही लागू करण्यात आला. गुजरातचे असेच विधेयक मात्र वर्षानुवर्षे राष्ट्रपतींच्या मंजुरीविना अडले आणि २०१९ मध्ये मार्गी लागले. समवर्ती सूचीतल्या विषयावर राज्याने कडक कायदा केला तरी अखेरची सही दिल्लीची लागते, हे त्यातून दिसले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १११ आले. संघटित गुन्हेगारी ही देशाच्या मूळ फौजदारी कायद्यात पहिल्यांदाच स्वतंत्र गुन्हा ठरली आणि तिची व्याख्या बऱ्याच अंशी मोक्कावरून घेतली आहे. महाराष्ट्राचा अनुभव इथे देशाच्या कामी आला. पण केंद्राने व्याख्या घेतली, सोबतची प्रक्रिया घेतली नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीची अट कलम १११ ला नाही, जामिनाच्या त्या खास अटीही नाहीत. म्हणजे आरोपीला वाचवणारी चाळणीही सुटली आणि पोलिसांना मिळणारी धारही. म्हणूनच पुण्यात टोळीवर कारवाई करायची तर पोलिस आजही मोक्काच लावतात, आणि गल्लीतल्या दादाला आत ठेवायचे असेल तर राज्याचा १९८१ चा एमपीडीए हा स्थानबद्धतेचा कायदा.

मोक्काचाही अतिरेक होतो, हे सांगितले पाहिजे. प्रत्येक टोळक्यावर मोक्का लावल्याची बातमी येते, तेव्हा शहराला बरे वाटते. पण घाईने लावलेला मोक्का खटल्यात लंगडा पडतो आणि बाहेर आलेला ‘भाई’ दुप्पट मोठा होऊन येतो.

कोयता आणि वय

पुणे पोलिसांची कोयत्याच्या कारवाईची कोणतीही प्रेसनोट काढून बघा. शेवटची ओळ बहुधा अशीच असते: ‘भारतीय हत्यार कायदा कलम ४ (२५) व महाराष्ट्र पोलिस अधिनियम कलम ३७ (१) सह १३५ अन्वये गुन्हा दाखल.’ पहिला कायदा केंद्राचा, दुसरा राज्याचा. या एका ओळीतच सगळी अडचण भरली आहे.

१९५९ च्या शस्त्र कायद्याने ‘शस्त्र’ कशाला म्हणायचे ते सांगताना निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू बाजूला ठेवल्या. २०१६ च्या नियमांतही नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे मोजताना घरगुती, शेतीच्या आणि कारखान्याच्या कामाची साधने वगळली आहेत. हे योग्यच आहे. उसाच्या फडात कोयता लागतो, नारळवाल्याला लागतो. पण तोच कोयता मध्यरात्री बिबवेवाडीच्या रस्त्यावर शर्टाच्या आत खोचून फिरणाऱ्याच्या हातात सापडतो, तेव्हा बचावाचा वकील नेमके याच वगळणुकीवर बोट ठेवू शकतो. ३७ कलमाचा मनाई आदेश आणि १३५ ची शिक्षा यांचा वचक किती, हे सराईताला पोलिसांइतकेच ठाऊक असते. कोयता विकत घेणाऱ्याचे आधार कार्ड दुकानदाराने बघावे, असा उपाय पुणे पोलिसांनी २०२३ मध्ये काढून पाहिला. कायद्यातले भोक शहराने असे ठिगळ लावून बुजवायचे, यापेक्षा केंद्राने शस्त्र कायद्यात दुरुस्ती करावी. शहरी हद्दीत, रात्रीच्या वेळी, कामाचे कारण नसताना असे अवजार बाळगणे हा स्वतंत्र गुन्हा असावा. शेतकऱ्याला झळ न लागता हे करता येते.

दुसरा प्रश्न वयाचा. कोयते घेऊन धावणाऱ्यांत सोळा-सतरा वर्षांची मुले ठळकपणे दिसतात. प्रेसनोटमध्ये त्यांना ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. २०१५ चा बालन्याय कायदा केंद्राचा आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने ‘अत्यंत गंभीर’ गुन्हा केला तर प्राथमिक मूल्यमापन करून त्याच्यावर सज्ञान म्हणून खटला चालवता येतो. मात्र त्यासाठी त्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा ठरलेली असावी लागते. खुनाच्या प्रयत्नाला कमाल शिक्षा मोठी असली तरी किमान ठरलेली नाही. असे गुन्हे ‘अत्यंत गंभीर’ या वर्गात बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात स्पष्ट केले आणि २०२१ च्या दुरुस्तीने तेच कायद्यात आणले. त्यामुळे कोयत्याने डोक्यात वार केला आणि समोरचा नशिबाने वाचला, तर सतरा वर्षांच्या मुलाचा खटला बालन्याय मंडळापुढेच चालतो.

यावर वयाची मर्यादाच खाली आणा, अशी मागणी पुण्यात वारंवार ऐकू येते. मला ती पटत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला येरवडा कारागृहात सराईतांच्या पंगतीला बसवले तर टोळीला आयता भरतीचा तळ मिळेल. बालन्याय कायद्याने सांगितलेले पुनर्वसन खरोखर व्हायला हवे. मुलांच्या संरक्षणासाठीच्या ‘मिशन वात्सल्य’मध्ये केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के पैसे असतात. येरवड्याच्या निरीक्षणगृहातून बाहेर पडलेल्या मुलाच्या मागे वर्षभर एक माणूस राहील, त्याला शाळेत किंवा कामाला लावेल, एवढी व्यवस्था या पैशातून झाली पाहिजे. ‘भाई’ त्याला न्यायला दारात उभाच असतो. सरकारचाही कोणी तिथे हवा.

पिस्तूल कुठून येते

कोयता बाजारात मिळतो. पिस्तूल बाहेरून येते. पुण्यात पकडलेल्या गावठी पिस्तुलांचा माग काढताना पोलिस पुन्हा पुन्हा एका गावाशी पोहोचतात: मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातले उमर्टी, सातपुड्यात, आपल्या चोपडा तालुक्याला लागून. पिढ्यान्‌पिढ्या हत्यारे घडवणाऱ्या कारागिरांची तिथे वस्ती आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये शस्त्रविक्रीच्या तपासासाठी गेलेल्या जळगाव पोलिसांच्या पथकावर तिथे हल्ला झाला आणि एका पोलिसाला जमाव उचलून घेऊन गेला. काही तासांनी त्याची सुटका झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनीच मोठा फौजफाटा घेऊन मध्य प्रदेश पोलिसांच्या मदतीने उमर्टीत छापा घातला, भट्ट्या उद्ध्वस्त केल्या, अनेकांना ताब्यात घेतले.

पुणे पोलिसांच्या या धाडसाला दाद दिलीच पाहिजे. पण एका शहराच्या पोलिसांना शेकडो किलोमीटर जाऊन दुसऱ्या राज्यातल्या भट्ट्या मोडाव्या लागतात, तेव्हा मधली एक जागा रिकामी असते. ती जागा केंद्राची. शस्त्रे हा केंद्राच्या सूचीतला विषय आहे. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्र बनवण्या-विकण्याची शिक्षा किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी केली, टोळीसाठी शस्त्रे हाताळणाऱ्याला त्याहून कडक. त्याच वर्षी प्रतिबंधित शस्त्रांची निर्मिती आणि विक्री राष्ट्रीय तपास संस्थेच्या, म्हणजे एनआयएच्या, कक्षेत आली. कागद तयार आहे. दोन राज्यांचे पोलिस एकाच नकाशावर काम करतील अशी कायमची यंत्रणा, आणि भट्टी मोडल्यावर त्या कारागिराला दुसरा रोजगार देणारी योजना, या दोन्ही गोष्टी हव्यात. लोहाराच्या हाताला दुसरे काम मिळाले नाही तर भट्टी पुन्हा पेटणारच.

टोळ्याही आता राज्याच्या सीमा मानत नाहीत. २०२२ मध्ये पंजाबात गायक सिद्धू मूसेवालाचा खून झाला तेव्हा तपासात पुणे जिल्ह्यातल्या तरुणांची नावे आली. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत बाबा सिद्दीकी यांचा खून झाला तेव्हा मुंबई पोलिस वारजे-कर्वेनगरपर्यंत येऊन पोहोचले. एका शहरातला बेरोजगार तरुण, दुसऱ्या राज्यातली टोळी, तिसऱ्या राज्यातले पिस्तूल आणि परदेशातून फोनवर आलेली सुपारी: हा साखळदंड एकट्या पुण्याला तोडता येणार नाही.

तपास दिल्लीकडे गेला की काय होते

आता सीबीआय आणि एनआयए. सीबीआयला राज्यात काम करायचे तर १९४६ च्या कायद्यानुसार राज्याची संमती लागते, किंवा उच्च वा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वसाधारण संमती काढून घेतली आणि सरकार बदलल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये ती पुन्हा दिली. एनआयएला अशी संमती लागत नाही. २६/११ नंतर झालेल्या २००८ च्या कायद्याने ठरावीक गुन्ह्यांचा तपास केंद्र आपणहून तिच्याकडे देऊ शकते. एल्गार परिषद प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये, राज्यात नवे सरकार येऊन दोन महिने होत असताना, असेच झाले आणि केंद्र-राज्यात वादाची ठिणगी पडली. संमती मुंबईतल्या सत्तेप्रमाणे ये-जा करते, तपास दिल्लीतल्या सत्तेप्रमाणे हलतो, असे लोकांना वाटू लागले की दोन्हीकडच्या पोलिसांवरचा विश्वास उडतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनाचा तपास या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारा आहे. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या विठ्ठल रामजी शिंदे पुलावर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. पुणे पोलिसांचा तपास चाचपडत राहिला. मे २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने तो सीबीआयकडे दिला आणि पुढे अनेक वर्षे स्वतः त्यावर देखरेख ठेवली. तरीही प्रत्यक्ष गोळ्या झाडणाऱ्यांपर्यंत वाट पोहोचली ती २०१८ मध्ये. पत्रकार गौरी लंकेश यांच्या खुनाचा तपास करणारे कर्नाटकचे विशेष पथक आणि नालासोपाऱ्यात शस्त्रसाठा पकडणारे महाराष्ट्राचे दहशतवादविरोधी पथक (एटीएस), या दोन राज्यांच्या पथकांच्या कामातून ते धागे हाती आले. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडले. खऱ्या सूत्रधारापर्यंत तपास पोहोचला नाही, हे न्यायालयाने निकालात नोंदवले. खून ते निकाल, जवळजवळ अकरा वर्षे. दाभोलकरांचे कुटुंबीय आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते दर महिन्याच्या वीस तारखेला त्या पुलावर उभे राहिले म्हणून हा तपास विस्मरणात गेला नाही. दिल्लीची यंत्रणा आली म्हणजे न्याय लवकर मिळतो, हा समज पुण्याने या खटल्यानंतर तरी सोडायला हवा.

१३ फेब्रुवारी २०१० च्या जर्मन बेकरी स्फोटात १७ जण मरण पावले. तेव्हा एनआयए स्थापन होऊन वर्ष उलटले होते, पण तपास राज्याच्या एटीएसकडेच राहिला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने एकाला फाशी दिली. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने स्फोट घडवल्याचे आरोप रद्द केले आणि स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी कायम ठेवली. म्हणजे राज्याच्या यंत्रणेचा तपासही आपोआप भक्कम ठरत नाही. पाटी कोणाची यापेक्षा पुरावा कसा गोळा केला याला महत्त्व आहे.

आणि पुरावा बहुतेक वेळा सर्वांत खालच्या पायरीवर हाती लागतो. जुलै २०२३ मध्ये कोथरूडला मध्यरात्र उलटून गेल्यावर गस्तीवरच्या दोन पोलिसांना तिघे जण दुचाकी चोरण्याच्या खटपटीत दिसले. हटकले, पकडले, ठाण्यात आणले. घरझडतीसाठी कोंढव्याला नेताना एक जण निसटला. उरलेल्या दोघांची चौकशी झाली तेव्हा कळले, की राजस्थानातल्या चित्तोडगडच्या स्फोटक प्रकरणात एनआयए यांच्या मागावर आहे, त्यांच्यावर लाखोंचे बक्षीस आहे. पुढे प्रकरण एटीएसकडे आणि तिथून एनआयएकडे गेले. देशाच्या सर्वोच्च दहशतवादविरोधी संस्थेला जे सापडत नव्हते ते रात्रपाळीच्या दोन शिपायांना सापडले, कारण ते त्या रात्री त्या गल्लीत होते. गस्त नसेल तर एनआयएला हस्तांतरित करायला प्रकरणच नसेल.

पळून जाणारे

सप्टेंबर २०२५ मध्ये कोथरूडला गोळीबार झाला आणि त्यात ज्याच्या टोळीचे नाव आले तो, टोळीप्रमुख म्हणून पोलिसांच्या नोंदीत असलेला नीलेश घायवळ आधीच परदेशात गेल्याचे निष्पन्न झाले. त्याने आडनावाचे स्पेलिंग बदलून, अहिल्यानगरचा पत्ता देऊन पासपोर्ट मिळवला, असे पोलिसांचे म्हणणे आहे. त्यानंतर पासपोर्ट रद्द करण्याची आणि इंटरपोलच्या ब्लू कॉर्नर नोटिशीची धावपळ झाली.

यात चूक कोणाची, हे न्यायालय बघेल. पण यंत्रणेतली फट उघड आहे. पासपोर्ट केंद्राचे परराष्ट्र खाते देते. चारित्र्य पडताळणी अर्जदाराच्या पत्त्यावरचे राज्य पोलिस करतात. विमानतळावर लूकआउट सर्क्युलर केंद्राचे इमिग्रेशन खाते अमलात आणते. इंटरपोलशी बोलणे सीबीआयमार्फत होते. चार टेबले, आणि नाव एका अक्षराने बदलले की चारही चकतात. देशभरातली पोलिस ठाणी जोडणारी सीसीटीएनएस यंत्रणा केंद्राने २६/११ नंतर उभी केली. ऑगस्ट २०२२ मध्ये बोटांच्या ठशांची राष्ट्रीय यंत्रणा नाफिस आली. जानेवारी २०२५ मध्ये इंटरपोलच्या कामासाठी भारतपोल पोर्टल सुरू झाले. पासपोर्टचा अर्ज आला की नावाऐवजी बोटाचा ठसा गुन्हे नोंदींशी ताडून पाहणे, हे आता तंत्राच्या आवाक्यात आहे. मोक्कातला आरोपी विमानात बसण्याआधी घंटा वाजली पाहिजे.

पैसा, प्रयोगशाळा आणि आकडे

केंद्राची सर्वांत मोठी ताकद पैशाची. पोलिस दलांच्या आधुनिकीकरणासाठी २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांकरिता केंद्राने २६,२७५ कोटी रुपये मंजूर केले. त्यातले १८,८३९ कोटी जम्मू-काश्मीर, ईशान्य भारतातले बंडखोरीग्रस्त भाग आणि नक्षलग्रस्त भागांच्या सुरक्षा खर्चासाठी. सर्व राज्यांच्या पोलिसांच्या आधुनिकीकरणाला मिळून ४,८४६ कोटी, म्हणजे एकूण रकमेच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. सीमाभागाला पैसा लागतो, त्याबद्दल वाद नाही. पण देशाची लोकसंख्या ज्या वेगाने शहरांत येते आहे, त्या शहरांसाठी वेगळा विचार या रकमेत दिसत नाही. निर्भया निधीतून सुरक्षित शहर प्रकल्प आठ महानगरांत मंजूर झाला: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद आणि लखनौ. लाखो विद्यार्थिनी आणि आयटीत रात्रपाळी करणाऱ्या मुली जिथे राहतात ते पुणे त्या यादीत नाही.

प्रयोगशाळांचेही तसेच. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुदत आहे. नियम उत्तम आहे. पुण्यात राज्याची प्रादेशिक प्रयोगशाळा आहे आणि केंद्राचीही न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. पण प्रत्येक खुनाच्या, प्रत्येक बलात्काराच्या ठिकाणी तज्ज्ञ धाडायचे तर माणसे हवीत. कायदा दिल्लीने करायचा आणि त्याचा खर्च राज्याने शोधायचा, हा व्यवहार टिकणारा नाही.

आकड्यांची गोष्ट तर साधी आहे, तरी दुर्लक्षित. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२३ सालचा अहवाल सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस आला. त्यात महानगरांचा गुन्हेदर काढताना लोकसंख्या अजून २०११ च्या जनगणनेची धरतात. पुणे नागरी समूहाची ती ५० लाखांच्या आसपास होती. आजचे पुणे कुठल्या कुठे गेले आहे. २०११ च्या लोकसंख्येवर २०२३ चे गुन्हे मोजून कोणत्या चौकात उद्या गस्त वाढवायची ते कळणार नाही. दर तीन महिन्यांनी शहरवार आकडे प्रसिद्ध करायला कोणतीही घटनादुरुस्ती लागत नाही.

थेट ताबा घेतला तर?

मग पोलिसच केंद्राकडे का देऊ नयेत, असेही कोणी विचारते. त्याचे उत्तर राजधानीत आहे. दिल्ली पोलिस थेट केंद्रीय गृह मंत्रालयाखाली आहेत, मनुष्यबळ आणि पैसा दोन्ही विपुल. तरी दिल्लीत वर्षाला पाचशेच्या आसपास खून नोंदले जातात आणि महानगरांच्या अनेक तक्त्यांत ती वरच्या ओळीत असते.

अमेरिकेने दोन्ही मार्ग चोखाळले. १९९४ च्या कायद्याने तिथल्या केंद्र सरकारने एक लाख स्थानिक पोलिस भरण्यासाठी शहरांना पैसा देऊ केला. पोलिस शहराचेच राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी वॉशिंग्टनच्या पोलिस दलाचा ताबा महिनाभरासाठी घेतला आणि रस्त्यावर नॅशनल गार्ड उतरवले. गणवेशधारी सैनिक दिसले की काही दिवस चौक शांत होतो. पण सैनिक परततात, आणि गल्लीतल्या पोरांची नावे ज्याला ठाऊक असतात तो बीटवरचा पोलिसच मागे राहतो. त्याला मजबूत करणारा पैसा जास्त काळ टिकतो.

कोणाकडे काय मागायचे

पुणेकरांनी आता मागण्या योग्य दारात न्यायला हव्यात. खासदाराकडे मागायचे ते असे: शस्त्र कायद्यात शहरी हद्दीतल्या धारदार हत्यारांसाठी नेमकी दुरुस्ती, उमर्टीसारख्या ठिकाणांसाठी दोन राज्यांची कायमची संयुक्त यंत्रणा आणि तिथल्या कारागिरांचे पुनर्वसन, पासपोर्ट आणि गुन्हे नोंदींची ठशांवर आधारित जोडणी, न्यायवैद्यक तपासाच्या सक्तीसोबत तिचा पैसा, सुरक्षित शहर प्रकल्पात पुण्याचे नाव, आणि वेळेवर आकडे. तपास दिल्लीकडे नेण्याची मागणी त्यांच्याकडे शेवटी करावी, आणि तीही प्रकरण खरोखर राज्याबाहेर पसरले असेल तरच.

आमदाराकडे मागायचे ते वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात पोलिस सुधारणांचे सात आदेश दिले. पोलिस ठाण्याच्या प्रमुखालाही किमान दोन वर्षांचा कार्यकाळ मिळावा, हा त्यातला एक. ज्या निरीक्षकाला आपण इथे किती महिने आहोत हे माहीत नाही, त्याच्याकडून हद्दीतल्या टोळ्यांची ओळख ठेवण्याची अपेक्षा कशी करायची? नव्या सात ठाण्यांना पुरेसे मनुष्यबळ, मोक्काच्या खटल्यांसाठी पुरेसे न्यायाधीश आणि तयारीचे सरकारी वकील, ‘भाईं’च्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर स्वतःचा फोटो न छापण्याची शिस्त, हेही आमदारांकडेच मागायचे. आणि नगरसेवकाकडे? गल्लीतला दिवा, बंद पडलेली व्यायामशाळा, दहावीनंतर रिकामा बसलेला मुलगा.

टोळीला जे लागते ते तिला तीन ठिकाणांहून मिळते: पिस्तूल आणि पासपोर्ट देशाच्या व्यवस्थेतल्या फटींतून, निर्भयपणा राज्याच्या ढिलाईतून आणि माणूसबळ शहराच्या वस्त्यांतून. तिन्ही ठिकाणी जबाबदार माणूस वेगळा आहे आणि तिघांनाही आपणच निवडून देतो. पुढचा खून होण्याआधी या तिघांना आपापल्या कामाचा जाब विचारणे, हे पुणेकरांचे काम आहे.